यंत्र चुकत नाही, हे तपासलं कोणी?

अनेक परीक्षांच्या माहितीपुस्तिकांमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: उत्तरपत्रिकांची तपासणी यंत्राद्वारे होत असल्यामुळे फेरतपासणी किंवा पुनर्मूल्यांकनाची तरतूद नाही. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच राहतो. बारावीच्या पेपरची गुणपडताळणी मागता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. ओएमआर, म्हणजे गोल रंगवून भरायची उत्तरपत्रिका म्हटली की मात्र खिडकीवरचा माणूसही हात वर करतो. का, तर ती माणसाने तपासलेलीच नाही. यंत्राने तपासलं हे फेरतपासणी नाकारण्याचं कारण कसं होऊ शकतं, हा प्रश्न विचारला तर विचारणाराच अडाणी ठरतो.

या भूमिकेचे समर्थक सगळीकडे भेटतात. परीक्षा घेणाऱ्या संस्थांचे अधिकारी, स्कॅनिंगचं कंत्राट घेणाऱ्या कंपन्या, क्लासचालक आणि निकाल मनासारखा लागलेले पालक. त्यांचं म्हणणं असं: माणूस थकतो, कंटाळतो, ओळखीच्याला झुकतं माप देतो; यंत्राला यातलं काहीच लागू नाही. काळा गोल दिसला की उत्तर धरलं, नाही दिसला की सोडून दिलं. अचूकता ९९.९ टक्के. उरलीसुरली चूक विद्यार्थ्याची, कारण गोल कसा रंगवायचा याचं चित्रच उत्तरपत्रिकेवर छापलेलं असतं. शिवाय लाखो उत्तरपत्रिका हाताने पुन्हा पाहायच्या तर निकाल लागणार कधी? हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की समोरचा गप्प बसतो. पण यातलं एकेक विधान उजेडात धरून पाहिलं तर एकही टिकत नाही, आणि ज्या मुलांची वर्षं या गोलांवर अवलंबून आहेत त्यांच्या वतीने ते पाहायलाच हवं.

यंत्राला काळा गोल ‘दिसतो’, इथूनच गैरसमजाची सुरुवात होते. यंत्राला कळतं ते फक्त कागदावरून किती उजेड परत आला ते. साधारण ४ मिलिमीटर व्यासाचा गोल २०० डीपीआयने, म्हणजे इंचामागे २०० ठिपक्यांनी, स्कॅन केला तर त्याचे पावणेआठशेच्या आसपास ठिपके होतात. सॉफ्टवेअर त्यातले गडद ठिपके मोजतं आणि ठरवून दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहतं. मर्यादा ४० टक्के ठेवली तर ३८ टक्के भरलेला गोल कोरा ठरतो. ती ३५ वर आणली तर तोच गोल उत्तर ठरतो. कागद तोच, शाई तीच, मूल तेच, गुण वेगळे. ही मर्यादा यंत्र स्वतः ठरवत नाही. स्कॅनिंग सुरू करण्यापूर्वी कोणीतरी माणूस ती सेटिंगमध्ये भरतो. मग ‘माणसाचा हात लागलेला नाही’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? माणसाचा निर्णय इथेही आहेच. फरक इतकाच की तो एकदाच घेतला जातो, सगळ्यांना लागू होतो आणि कोणालाही सांगितला जात नाही. ही मर्यादा किती असेल, फिकट गोलाचं काय होईल, दोन गोल रंगलेले दिसले तर किती फरकाने एक धरला जाईल, हे छापलेलं तुम्ही कोणत्या माहितीपुस्तिकेत वाचलं आहे?

आणि गोल मोजण्याआधी तो नेमका कुठे आहे हे यंत्राला शोधावं लागतं. उत्तरपत्रिकेच्या कडेला छोट्या काळ्या पट्ट्यांची रांग असते, त्यांना टाइमिंग मार्क म्हणतात. कोपऱ्यांतले काळे चौकोन पान किती तिरकं गेलंय ते सांगतात. या खुणांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं की ३७व्या प्रश्नाचा ‘क’ इथे असला पाहिजे, आणि तिथे मोजतं. छपाईत ही रांग जरा सरकली, पान कापताना कड तिरकी गेली, की अंदाज चुकतो. म्हणूनच चांगल्या उत्तरपत्रिका जाड कागदावर छापतात, १०० जीएसएमच्या आसपासच्या, आणि गोलांच्या रेघा व आतली अक्षरं फिकट लाल किंवा गुलाबी रंगात ठेवतात, म्हणजे स्कॅनरच्या दिव्याला ती दिसत नाहीत. गोल काळ्या शाईत छापला तर आतलं ‘ब’ हे अक्षर स्वतःच काही ठिपके काळे करतं. अक्षराअक्षरागणिक शाई कमीजास्त असते, म्हणजे चार पर्यायांचे चार कोरे गोलसुद्धा यंत्राच्या लेखी सारखे कोरे नसतात. आपल्याकडे किती शाळा-महाविद्यालयांत मूळ उत्तरपत्रिकेची झेरॉक्स काढून तीच वाटली जाते, हे शिक्षकांना विचारा. झेरॉक्सवर आकार टक्का-दोन टक्के बदलतो, पान किंचित फिरतं, आणि लाल रेघ काळी होते. मग त्यावरचं वाचन बिनचूक कसं ठरणार?

एका सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका स्कॅन होताना मी जवळून पाहिल्या आहेत. कागद आपोआप ओढून घेणारा स्कॅनर होता. काचेच्या अरुंद पट्टीवर व्हाइटनरचा वाळलेला कण चिकटला होता, मोहरीच्या चतुर्थांशाएवढा. अशा स्कॅनरमध्ये पान पुढे सरकतं आणि काच जागेवर असते, त्यामुळे त्या एका कणाची प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ उमटली. रेघ नेमकी दुसऱ्या स्तंभातल्या ‘ब’ पर्यायांवरून गेली. ज्यांनी गोल गडद रंगवले होते त्यांना काही झालं नाही. ज्यांनी प्रश्न सोडून दिले होते त्यांच्या नावावर ‘ब’ अशी उत्तरं चढली, आणि निगेटिव्ह मार्किंगमुळे गुण वजा झाले. एका मुलीने शेवटचे प्रश्न मुद्दाम कोरे ठेवले होते म्हणून ती भांडायला आली, तेव्हा गठ्ठा पुन्हा उघडला गेला. ती आली नसती तर? यंत्र थांबलं नाही, लाल दिवा लागला नाही, चुकीचा निकाल बरोबर निकालाइतक्याच सुबक तक्त्यात छापून आला होता. चूक करणारा माणूस निदान एखाद्याच पानावर चुकतो. यंत्र चुकलं तर अख्ख्या गठ्ठ्यावर एकाच जागी चुकतं.

ही लहान संस्थेची गोष्ट झाली, मोठ्या परीक्षांना असं होत नाही, असं कोणी म्हणेल. मग अमेरिकेतली एसएटी पाहा, फार जुनी आणि फार मोठी प्रमाणित परीक्षा. ऑक्टोबर २००५च्या परीक्षेत ४ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना खऱ्यापेक्षा कमी गुण मिळाले. कारण काय निघालं? हवेतल्या दमटपणाने उत्तरपत्रिकांचा कागद फुगला होता, आणि फिकट खुणा स्कॅनरने नीट वाचल्या नव्हत्या. काही मुलांचे गुण शेकड्यांनी कमी झाले होते. सहाशेहून अधिक जणांना उलट जास्त गुण मिळाले होते, ते तसेच ठेवले गेले. स्कॅनिंग करणारी पीअर्सन ही या धंद्यातली बलाढ्य कंपनी होती. उपकरणं उत्तम होती, पैसा होता, अनुभव होता. तरीही चूक यंत्राने पकडली नाही, कंपनीने पकडली नाही, परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डानेही पकडली नाही. दोन विद्यार्थ्यांनी आपली उत्तरपत्रिका हाताने तपासा अशी मागणी केली, तेव्हा ती उघड झाली. मार्च २००६मध्ये, म्हणजे महाविद्यालयांचे प्रवेश ठरत असतानाच, बोर्डाला ते जाहीर करावं लागलं. पुढे विद्यार्थ्यांच्या वतीने खटला झाला, त्यात तडजोड करून नुकसानभरपाईही द्यावी लागली. आता विचार करा: तिथे हाताने तपासण्याची सोय होती म्हणून हे कळलं. आपल्याकडे बहुतेक परीक्षांत ती सोयच नाही, म्हणून आपल्याकडे चुका होत नाहीत असं आपण धरून चालतो. आणि कोकणातल्या केंद्रावरून जुलै महिन्यात निघालेला गठ्ठा पुण्याला पोचेपर्यंत त्या कागदाचं काय होत असेल? पानाची लांबी अर्ध्या टक्क्याने वाढली तरी २९७ मिलिमीटरच्या पानावर तो फरक दीड मिलिमीटरचा होतो, आणि गोल जेमतेम चार मिलिमीटरचा असतो.

आता त्या ९९.९ टक्क्यांकडे येऊ. हा आकडा निविदेत असतो, कंपनीच्या माहितीपत्रकात असतो, अधिकाऱ्यांच्या तोंडी असतो. कशाचे ९९.९ टक्के, हे कोणी विचारत नाही. गोलांचे, प्रश्नांचे की उत्तरपत्रिकांचे? २०२४च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचं उदाहरण घ्या. २३ लाखांहून अधिक परीक्षार्थी, प्रत्येकाला सोडवायचे १८० प्रश्न. एकूण उत्तरं ४१ कोटींच्या वर. प्रश्नामागे ९९.९ टक्के अचूकता मानली तर चुकीची वाचलेली उत्तरं होतात ४ लाखांहून जास्त. १८० प्रश्नांच्या एका उत्तरपत्रिकेत निदान एक तरी चूक असण्याची शक्यता साडेसोळा टक्के, म्हणजे दर सहा मुलांमागे एक. अचूकता आणखी दहापट वाढवा, ९९.९९ करा, तरी चाळीस हजारांच्या आसपास उत्तरपत्रिकांत चूक राहतेच. प्रत्यक्षात इतक्या चुका झाल्या असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की ९९.९ हा आकडा ज्यांना समाधानकारक वाटतो त्यांनी हा साधा गुणाकार केलेला नाही. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला उणे १. बरोबर रंगवलेला गोल चुकीचा वाचला गेला तर पाच गुणांचा फटका बसतो. पाच गुणांत गुणवत्ता यादीतलं स्थान हजारोंनी खाली जातं, आणि सरकारी महाविद्यालयाची जागा जाऊन खासगी महाविद्यालयाच्या फीचा आकडा समोर येतो. ज्या घराला तो परवडत नाही, त्या घराला ०.१ टक्का लहान आहे हे कोण समजावणार?

शिवाय चुका सगळ्यांमध्ये सारख्या वाटल्या जात नाहीत, ही खरी बोचणारी बाब आहे. त्या ठरावीक मुलांवर साचतात. ज्याच्या बॉलपेनाची शाई अडते, ज्याचा हात हलका आहे, ज्याच्या बाकाला भोक आहे आणि कागदाखाली ठेवायला पॅड नाही, ज्याने घाईत गोलाचा मध्यच भरला, त्याच्या एका नव्हे तर वीस गोलांवर संकट येतं. शहरातला क्लास पहिल्या महिन्यापासून ओएमआरवर सराव घेतो. तालुक्याच्या गावातला मुलगा ती उत्तरपत्रिका पहिल्यांदा परीक्षेच्या खोलीत पाहतो.

यावर उत्तर तयारच असतं: चूक विद्यार्थ्याची. सूचना वाचायला नको का? हे बोलणाऱ्यांना या तंत्राचा इतिहास माहीत असता तर त्यांनी असं म्हटलं नसतं. उत्तरपत्रिका यंत्राने तपासण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या रेनॉल्ड जॉन्सन या शाळामास्तरांनी. त्यांच्या कल्पनेवरून आयबीएमचं ८०५ हे यंत्र १९३८ साली बाजारात आलं. पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, या तत्त्वावर ते चालत असे. जॉन्सन यांच्यापुढची मुख्य अडचण हीच होती: कोणी गडद खूण करतं, कोणी फिकट, त्यामुळे वीज कमीजास्त वाहते आणि मोजणी चुकते. त्यांनी मुलांना दम दिला नाही. यंत्राच्या मंडलात मोठा विद्युत्‌रोध घातला, म्हणजे खुणेच्या फिकट-गडदपणाने फारसा फरक पडणार नाही. खुणेतली विविधता सांभाळून घेणं हे यंत्राचं काम आहे, असं या शिक्षकाने मानलं. आपण जवळजवळ नव्वद वर्षांनी ते काम पुन्हा मुलांच्या डोक्यावर ठेवलं आहे.

बरं, मुलं कोणती? आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेला दहा-अकरा वर्षांची मुलंही ओएमआर उत्तरपत्रिका भरतात. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत तर काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही गोल रंगवावे लागायचे. अशा प्रश्नांचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत असू शकायचं. म्हणजे बाकीच्या प्रश्नांत दोन गोल रंगवले तर उत्तर बाद, आणि या प्रश्नांत एकच रंगवला तर गुण नाही. तेरा वर्षांच्या मुलाने हे लक्षात ठेवायचं, बॉलपेनाने भरायचं, खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. त्याच्याकडून इतकी शिस्त मागणाऱ्या यंत्रणेने स्वतः किती शिस्त पाळायची? सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या प्रश्नाला दोन पर्याय चालतात हा तक्ता बरोबर भरला गेला का, हे निकालापूर्वी कोणी दुसऱ्या माणसाने पाहिलं का? फिकट गोल आणि दुहेरी गोल यंत्राने थेट निकाली न काढता वेगळे काढावेत आणि माणसाने पडद्यावर मोठे करून पाहावेत, यात अशक्य असं काय आहे? अशी सोय चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असते. ती वापरायला माणूस बसवावा लागतो, त्याचा पगार द्यावा लागतो आणि सर्वांत कमी दराच्या निविदेत तो पगार बसत नाही, एवढंच त्यामागचं गुपित आहे.

पुढचा युक्तिवाद मला सर्वांत जास्त चीड आणतो. घोटाळे होतात ते माणसांमुळे, यंत्र निर्दोष आहे, असं म्हणून ओएमआरला दरवेळी सोडून दिलं जातं. मध्य प्रदेशात व्यापम या परीक्षा मंडळाच्या घोटाळ्याच्या प्रकरणात कोऱ्या सोडलेल्या उत्तरपत्रिका नंतर भरल्या गेल्याचे आरोप झाले. महाराष्ट्रात २०१९-२०च्या शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे घेऊन अपात्रांना पात्र ठरवल्याचं पुणे पोलिसांच्या तपासात पुढे आलं, डिसेंबर २०२१मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली आणि २०२२मध्ये परिषदेने ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. पश्चिम बंगालमधली शाळासेवा आयोगाची २०१६ची भरती तर सगळ्यांनी अभ्यासावी अशी आहे. तिथे मूळ ओएमआर उत्तरपत्रिका नष्ट केल्या गेल्या होत्या आणि स्कॅन प्रतिमाही आयोगाकडे नव्हत्या. सीबीआयला त्यांचा माग लागला तो गाझियाबादमध्ये, स्कॅनिंगच्या कंपनीतल्या एका माजी कर्मचाऱ्याच्या घरी मिळालेल्या हार्ड डिस्कवर. उत्तरपत्रिकेवरचे गुण आणि आयोगाच्या नोंदीतले गुण जुळत नव्हते. कोण खरा पात्र आणि कोण नाही हे वेगळं काढणंच अशक्य झाल्यामुळे कलकत्ता उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये २५ हजारांहून अधिक नेमणुका रद्द केल्या आणि ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्यात प्रामाणिकपणे पास झालेले शिक्षकही गेले. त्यांनी गोल नीट रंगवले होते, सूचना वाचल्या होत्या, काहीही चुकवलं नव्हतं. त्यांची नोकरी गेली, कारण त्यांचा कागद आणि त्याची प्रतिमा कोणी जपली नाही.

अचूक स्कॅनिंगची आणि घोटाळ्याची गोष्ट वेगळी आहे, हे कोण म्हणतं? कोरा गोल नंतर भरता येतो, कारण परीक्षा संपली त्या क्षणी तो कोरा होता याची नोंद कुठेच नसते. केंद्रावरच, उमेदवारांसमोर, पर्यवेक्षकाने गठ्ठा बांधण्यापूर्वी प्रत्येक पानाची प्रतिमा घेतली आणि तिची डिजिटल मोहर परीक्षा मंडळाबाहेरच्या यंत्रणेकडे जमा केली, तर नंतर भरलेला एकेक गोल उघडा पडेल. राजस्थान लोकसेवा आयोगाने वेगळा मार्ग काढला: प्रश्न सोडायचा असेल तर पाचवा गोल रंगवायचा. पाचांपैकी एकही रंगवला नाही तर एक तृतीयांश गुण कापले जातात आणि दहा टक्क्यांहून जास्त प्रश्न तसे राहिले तर उमेदवार अपात्र ठरतो. म्हणजे कोरी जागाच उरत नाही. याचा त्रास उमेदवारांना होतो, वेळ जातो, मला तो उपाय पूर्ण पटलेला नाही. पण कोऱ्या गोलात धोका आहे हे निदान एका आयोगाने मान्य तरी केलं. जपून ठेवलेली उत्तरपत्रिका संस्थेचंही रक्षण करते. जून २०२४मध्ये एका परीक्षार्थीने आपली नीटची उत्तरपत्रिका फाटल्याचा दावा केला, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे मूळ उत्तरपत्रिका हजर करण्यात आली आणि दाव्यासोबतची कागदपत्रं बनावट ठरली. ज्या पुराव्याने संस्था स्वतःची बाजू सिद्ध करते, तोच पुरावा उमेदवाराने मागितला तर तरतूद नाही म्हणायचं, हा कोणता न्याय?

राहिला प्रश्न शक्य-अशक्यतेचा. लाखो उत्तरपत्रिका हाताने तपासायला कोणीही सांगत नाही. मतदान यंत्रांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९मध्ये सांगितलं की प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राच्या मोजणीशी ताडून पाहा. निवडणुकीत यंत्र आणि कागद जुळतात का हे पाहणं आपल्याला गरजेचं वाटतं. परीक्षेत तेच पाहणं कोणालाच गरजेचं का वाटू नये? चिठ्ठ्या टाकून ३ हजार उत्तरपत्रिका निवडा. यंत्राचा निकाल न दाखवता दोन माणसांनी त्या वाचाव्यात आणि मग यंत्राशी जुळवाव्यात. तीन हजारांत एकही चुकीची निघाली नाही तर संख्याशास्त्र ९५ टक्के खात्रीने सांगतं की एकूण उत्तरपत्रिकांत चुकीचं प्रमाण हजारात एकाहून कमी आहे. चुका निघाल्या तर कुठे, कोणत्या गठ्ठ्यात, कोणत्या स्कॅनरवर, हे कळेल आणि तेवढेच गठ्ठे पुन्हा वाचता येतील. एका माणसाने दिवसाला शंभर वाचल्या तर साठ माणसांचं हे एका दिवसाचं काम आहे. जिल्हा परिषदेची एक भरती दोन-दोन वर्षं रखडते, तिथे या एका दिवसाने निकाल लांबेल म्हणायचं?

प्रतिमा दाखवणं अशक्य आहे असंही म्हणता येणार नाही. नीटमध्ये २३ लाखांहून अधिक मुलांना उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रतिमा आणि यंत्राने वाचलेली उत्तरं संकेतस्थळावर पाहता आली. जे २३ लाखांना जमतं ते वीस हजार उमेदवारांच्या भरतीत का जमत नाही? अर्थात तिथेही चुकीच्या वाचनावर हरकत घ्यायची तर दर प्रश्नामागे २०० रुपये भरायचे आणि ते परत मिळणार नाहीत, असा नियम होता. गोल चुकीचा वाचला यंत्राने, भुर्दंड मुलाला. दहा गोलांची शंका असलेला मजुराचा मुलगा दोन हजार रुपये आणणार कुठून? हरकत खरी ठरली तर पैसे परत, एवढी किमान सभ्यता तरी हवी.

आता सगळं संगणकावर होणार, ओएमआर इतिहासजमा होईल, मग हा वाद कशाला, असं काही जण म्हणतात. महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा २०१९पासून संगणकावर गेली हे खरं आहे. पण खेड्यातल्या शाळांच्या परीक्षा, असंख्य भरती परीक्षा, क्लासच्या आणि महाविद्यालयांच्या चाचण्या अजून कागदावरच आहेत आणि राहणार आहेत. शिक्षक तर आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने गोल वाचणारी अॅप वापरू लागले आहेत. वर्गातल्या ट्यूबलाइटची सावली आणि हलणारा हात त्या वाचनात मिसळतो. तंत्र स्वस्त झालं म्हणजे त्याची पडताळणी स्वस्तात सोडून द्यायची असं नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. मर्यादेचे नियम परीक्षेपूर्वी जाहीर करा. प्रत्येक उत्तरपत्रिका दोन वेगळ्या यंत्रांवर वाचा आणि जिथे दोन वाचनं जुळत नाहीत तिथे माणसाने निर्णय द्यावा. प्रतिमा करड्या छटांमध्ये साठवा, नुसती काळी-पांढरी करून फिकट गोल पुसून टाकू नका. यंत्राने कोरा धरलेला, दुहेरी धरलेला आणि मर्यादेच्या काठावरचा प्रत्येक गोल माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या. नमुना तपासणीचा अहवाल निकालासोबत प्रसिद्ध करा. आणि मूळ कागद सगळे वाद संपेपर्यंत सांभाळा. यातली एकही गोष्ट नवीन तंत्रज्ञान मागत नाही. मागते ती फक्त एवढी कबुली की यंत्राचं वाचन हा दावा आहे, आणि दावा सिद्ध करावा लागतो.

हे नियम येईपर्यंत परीक्षार्थींनी आणि पालकांनी एक काम करावं. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मिळाली असेल तर ती निकालानंतरही फेकू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात ठरवून दिलं आहे की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा हक्क आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रतिमा मागा, यंत्राने नोंदवलेली उत्तरं मागा, उत्तरतालिका मागा, आणि आपल्या प्रतीशी एकेक गोल ताडून पाहा. मात्र अर्ज निकालानंतर लगेच करा. उत्तरपत्रिका नष्ट करण्याची मुदत प्रत्येक संस्थेची वेगळी असते, आणि ती उलटून गेल्यावर तुमच्या हातात फक्त कार्बनची प्रत उरते.